ज्यांनी स्वतःबद्दल लिहिलं नाही त्या केल्टांविषयी

पाणंद

प्राचीन युरोपातल्या केल्टांबद्दल वाचायला गेलं की ठरलेली चित्रं समोर येतात. स्टोनहेंजच्या दगडांमध्ये पांढरे झगे घातलेले ड्रुइड म्हणजे केल्टांचे पुरोहित, अंगाला निळा रंग फासून धावत सुटलेले योद्धे, वेटोळ्यांच्या नक्षीचे दगडी क्रॉस. यातले क्रॉस मध्ययुगीन ख्रिस्ती आहेत. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले इ.स.पू. २५०० च्या सुमारास, म्हणजे ड्रुइडांचा पहिला उल्लेख मिळतो त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी. ड्रुइडांची आणि त्या दगडांची गाठ जॉन ऑब्री आणि विल्यम स्टकली यांनी सतराव्या-अठराव्या शतकात मारली, ती आजवर सुटलेली नाही.

मला या लोकांची ओढ वाटते ती वेगळ्याच कारणाने. आयर्लंडपासून आजच्या तुर्कस्तानातल्या अंकारापर्यंत ज्यांच्या बोली बोलल्या जात होत्या, त्यांनी स्वतःचा इतिहास लिहून ठेवलाच नाही. लिपी ठाऊक नव्हती म्हणावं तर तसंही नाही. सीझर सांगतो की गॉलमधले, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधले, लोक हिशेब आणि इतर व्यवहारांसाठी ग्रीक अक्षरं वापरत, पण ड्रुइडांची विद्या लिहिणं त्यांना मान्य नव्हतं. काही शिष्य ती वीस-वीस वर्षं पाठ करत बसत. ड्रुइड गेले तशी ती विद्याही गेली. आता आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. त्यांनी जमिनीत आणि पाण्यात ठेवलेल्या वस्तू, त्यांच्याशी लढलेल्या ग्रीक-रोमनांचं लेखन, आणि आयर्लंड-वेल्समध्ये ख्रिस्ती भिक्षूंनी हजारेक वर्षांनी उतरवलेल्या कथा. माझं म्हणणं असं की वाचायचा क्रमही हाच हवा. बहुतेक लोकप्रिय लेखन बरोबर उलटीकडून सुरू होतं, आणि म्हणून त्यात केल्ट कमी आणि परीकथा जास्त सापडतात.

वस्तूंपासून सुरुवात करते. ऑस्ट्रियात हालश्टाट नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. तिथल्या डोंगरात मिठाची खाण आहे आणि ती कांस्ययुगापासून चालू होती. खाणीचा अधिकारी योहान गेऑर्ग रामसाउअर याने १८४६ ते १८६३ या काळात तिथल्या ९८० कबरी उकरल्या आणि एकेका कबरीची रंगीत चित्रं करून घेतली. त्या काळात पुष्कळ उत्खनक सोनं उचलून बाकीचं फेकून देत होते, तेव्हा हे घडलं. मिठामुळे खाणीत कापडं, चामड्याच्या पाठपिशव्या, लाकडी जिने सगळं टिकलं. माणसांची विष्ठासुद्धा टिकली. २०२१ साली तिच्या तपासणीत लोहयुगातल्या खाणकामगारांच्या पोटात बीअरचं यीस्ट आणि निळ्या चीजमधली बुरशी सापडली. सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या मजुराचं जेवण इतकं स्वच्छ दिसावं, याहून मोठं भाग्य इतिहासाच्या वाचकाला कुठलं!

दुसरी जागा जर्मनीत श्टुटगार्टजवळची, होखडॉर्फ. १९७८-७९ मध्ये तिथे एक न लुटलेली कबर उघडली. इ.स.पू. ५३० च्या आसपासची. आत साधारण चाळिशीतला, सहा फुटांच्या वर उंचीचा माणूस पितळी रंगाच्या कांस्याच्या लांब बाकावर झोपवलेला. तो बाक आठ छोट्या स्त्री-मूर्तींनी तोलून धरलेला आणि प्रत्येकीच्या पायाखाली चाक. गळ्यात सोन्याचं कडं, बुटांवर सोन्याचा पत्रा, डोक्याशी भूर्जसालीची टोपी. बाजूला चारचाकी गाडा, त्यावर नऊ जणांना पुरतील अशी ताटं, भिंतीवर नऊ पानशिंगं. पायाशी पाचशे लिटरची ग्रीक बनावटीची कढई, तिच्या काठावर तीन सिंह. दोन सिंह ग्रीक कारागिराचे, तिसरा स्थानिक माणसाने घडवून बसवलेला. कढईत मधाची दारू होती, तिचा साका तळाला मिळाला. आणि या सगळ्या थाटामाटात एका पिशवीत त्याचा लाकडी कंगवा, वस्तरा, नखं कापायचं हत्यार आणि मासेमारीचे गळ. हे गळ मला फार महत्त्वाचे वाटतात. त्याला पुरणाऱ्यांना ठाऊक होतं की याला मासे धरायला आवडतं.

ला तेन हे स्वित्झर्लंडमधलं ठिकाण सर्वांना त्या वळणदार नक्षीमुळे माहीत असतं. १८५७ मध्ये नशातेल सरोवराचं पाणी उतरलं तेव्हा तिथे लोखंडी तलवारी दिसू लागल्या. इ.स.पू. ४५० नंतरच्या केल्टिक कलेला याच गावाचं नाव मिळालं.

आता शत्रूंचं लेखन. इ.स.पू. ३९० च्या सुमारास ब्रेनस या केल्ट सरदाराच्या टोळीने रोम लुटलं, हजार पौंड सोनं घेतलं. हे रंगवून सांगणारा रोमन इतिहासकार लिव्ही साडेतीनशे वर्षांनंतरचा. २७९ मध्ये दुसऱ्या एका ब्रेनसची फौज डेल्फीपर्यंत गेली आणि त्या लाटेतले काही लोक पुढच्या वर्षी आशिया मायनरमध्ये उतरून गॅलेशियन झाले. बायबलात पॉलने ज्यांना पत्र लिहिलं ते हेच गॅलेशिया. सीझर इ.स.पू. ५८ मध्ये गॉलमध्ये शिरला. ५२ मध्ये अलेसियाला गॉलांचा सेनानी वेर्सिंजेटोरिक्स शरण आला, सहा वर्षं कैदेत राहिला, ४६ मध्ये सीझरच्या विजयोत्सवात त्याची धिंड निघाली आणि त्याला मारलं. या युद्धाबद्दलची आपली बहुतेक माहिती जिंकणाऱ्याच्याच हातची आहे, हे वाचताना क्षणभरही विसरता कामा नये. त्याला रोममध्ये स्वतःच्या युद्धाचं समर्थन करायचं होतं.

मला त्यातल्या त्यात विश्वासाचा वाटतो ग्रीक विद्वान पोसिडोनियस. त्याचा ग्रंथ हरवला, पण भूगोलकार स्ट्राबोने त्याचा अनुभव नोंदवला आहे. गॉलमधल्या घरांच्या दारांवर शत्रूची मुंडकी खिळ्यांनी ठोकलेली पाहून त्याला आधी शिसारी आली आणि मग सवयीने काही वाटेनासं झालं. खोटं लिहिणारा माणूस हे दुसरं वाक्य लिहीत नाही. फ्रान्समधल्या ल कायलार इथल्या कवट्यांवर २०१८ मध्ये झाडाच्या राळेचे अंश मिळाले, म्हणजे मुंडकी जतन करत ही ऐकीव गोष्ट वस्तूंनीही सांगितली.

एक शेवटचं सांगून थांबते. वेल्समधलं अँगलसी बेट ड्रुइडांचा शेवटचा मोठा आसरा. इ.स. ६०-६१ मध्ये रोमन सेनापती पॉलिनस तिथे उतरला, पवित्र देवराया तोडल्या. १९४२ मध्ये त्याच बेटावर विमानतळाच्या धावपट्टीसाठी पीट, म्हणजे दलदलीतला कुजका थर, उपसताना लिन केरिग बाख या तळ्यातून एक लोखंडी साखळी वर आली. कामगारांनी ती ट्रॅक्टरला लावून चिखलात रुतलेले ट्रक ओढून काढले. साखळी तुटली नाही. नंतर कळलं की ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे आणि गुलामांच्या माना एका ओळीत अडकवण्यासाठी केलेली आहे. त्याच तळ्यात तलवारी, रथांचे भाग, कढया असे दीडशेहून अधिक जिन्नस देवाला वाहिलेले निघाले. ड्रुइड म्हणजे केवळ निसर्गपूजक ऋषी असं ज्यांना वाटतं त्यांनी कार्डिफच्या संग्रहालयात ही साखळी बघावी.

निळाई

पाणंदताई, सुंदर धागा. होखडॉर्फचे गळ लक्षात राहतील. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सह्यकडा

लेख आवडला, पण एक मोठी गोष्ट तुम्ही बाजूला ठेवली असं वाटतं. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या चांदीच्या कढईवर शिंगं असलेला देव मांडी घालून बसलाय, भोवती हरिण, बैल, इतर प्राणी. मोहेंजोदडोची पशुपती मुद्रा शेजारी ठेवा, फरक शोधावा लागेल. त्याच कढईवर हत्तीसुद्धा आहेत! वर ड्रुइडांची वीस वर्षांची पाठांतर परंपरा, पुनर्जन्मावर विश्वास, विद्या लिहायची नाही हा दंडक. वेदपाठशाळेचं वर्णन वाचतोय असं वाटतं. हे लोक इथूनच गेले असतील किंवा निदान एकाच मुळाचे असतील, असं म्हणायला काय हरकत आहे?

पाणंद

सह्यकडा, प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कढई १८९१ मध्ये पीट काढणाऱ्यांना मिळाली, तीही सुट्ट्या पत्र्यांच्या रूपात, एकात एक रचून ठेवलेली. वजन जवळपास नऊ किलो, व्यास ६९ सेंटिमीटर. चांदीवर ठोकून उठाव आणायची पद्धत त्या काळच्या उत्तर युरोपातली नाही, ती थ्रेसची, म्हणजे आजचा बल्गेरिया-रोमानिया. त्यामुळे अनेक अभ्यासकांचं मत असं की कारागीर थ्रेसकडचे, आणि विषय केल्टिक: शिंगं असलेल्या देवाच्या हातात आणि गळ्यात केल्टांचं ते पिळाचं कडं आहे, दुसऱ्या हातात मेंढ्याच्या शिंगांचा साप आहे, दुसऱ्या एका पत्र्यावर रानडुकराच्या तोंडाची उंच तुतारी वाजवणारे सैनिक आहेत. कढई इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातली धरतात. तोवर ग्रीक राजांची हत्तीदळं भूमध्य समुद्राभोवती पोहोचली होती, त्यामुळे हत्तीचं चित्र थ्रेसच्या कारागिराला ठाऊक असण्यात नवल नाही.

मोहेंजोदडोची मुद्रा त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधीची. मधल्या काळातली आणि मधल्या भूभागातली एकही कडी आपल्याजवळ नाही. खुद्द मुद्रेवरचा पुरुष पशुपतीच आहे का, यावरही एकमत नाही. गॉलमधल्या देवाचं नाव केर्नुनोस हे आपल्याला पॅरिसच्या नावाड्यांनी सम्राट टायबेरियसच्या काळात उभारलेल्या खांबावरून कळतं. तो खांब १७११ मध्ये नोत्र दाम चर्चखाली मिळाला. खांबावर नाव आहे, शिंगं आहेत, कथा मात्र नाही. तो कशाचा देव होता हेच आपल्याला सांगता येत नसताना त्याला शिवाचं रूप ठरवलं तर केर्नुनोस हातचा जाईल.

पाठांतराबद्दल तुमच्याशी सहमत आहे, तुलना रास्त आहे. केल्टिक आणि संस्कृत दोन्ही इंडो-युरोपीय कुळातल्या, हेही सर्वमान्य आहे. पण आपल्याकडचं पाठ राहिलं आणि त्यांचं संपलं, आणि त्यांच्या पाठांत काय होतं त्यातली एक ओळही उरलेली नाही. तिथे तुलना थांबते.

ज्येष्ठा

मी पंचांगगणिताची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे वरच्या चर्चेत एक वस्तू आलीच पाहिजे असं वाटतं. फ्रान्समध्ये कोलिन्यी इथे १८९७ मध्ये शेतात एका कांस्यमूर्तीच्या तुकड्यांबरोबर एका मोठ्या कांस्यपत्र्याचे तुकडे मिळाले. जोडल्यावर निघालं ते गॉलिश भाषेतलं पंचांग. लिपी रोमन, काळ इ.स. दुसऱ्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे गॉल जिंकून दोनशे वर्षं झाल्यावरही कोणी तरी जुनी कालगणना जपत होतं. आज तो पत्रा लिऑंच्या संग्रहालयात आहे.

त्याची रचना अशी. पाच वर्षांचा एक गट. महिने चांद्र, ३० किंवा २९ दिवसांचे. तीस दिवसांच्या महिन्यापुढे MAT ऐवजी आपण देवनागरीत लिहू या, 'मात', आणि कमी दिवसांच्या पुढे 'अन्म'. पहिला म्हणजे शुभ आणि दुसरा अशुभ असा अर्थ लावतात. प्रत्येक महिन्याचे दोन भाग, पंधरा दिवसांनंतर 'आतेनुक्स' हा शब्द आणि मग दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. दर दिवसाशेजारी खुंटी सरकवायला भोक. आणि पाच वर्षांत दोन जादा महिने, एक सुरुवातीला, दुसरा अडीच वर्षांनी. एकूण ६२ महिने.

वेदांगज्योतिष वाचलेल्या कोणालाही हे लगेच ओळखीचं वाटेल. तिथलं युग पाच वर्षांचं, महिने ६२, अधिकमास दोन, दर तीस महिन्यांनी एक. म्हणजे चौकट तीच.

पण सह्यकडा, यावरून कोणी कोणाकडून शिकलं असं मी म्हणणार नाही, कारण हिशेब करून बघितला की उत्तर आकाशातच मिळतं. चंद्राचे ६२ महिने म्हणजे जवळपास १८३१ दिवस. सूर्याची पाच वर्षं म्हणजे १८२६. फरक जेमतेम पावणेपाच दिवसांचा. ज्याला चंद्रावर महिने चालवायचे आहेत आणि पेरणीची वेळही चुकवायची नाही, तो पाच वर्षांत दोन महिने वाढवण्यापाशी पोहोचतोच. गंगेकाठी पोहोचला, रोनच्या खोऱ्यातही पोहोचला. मला यात उसनवारीपेक्षा जास्त आनंद आहे. दोन ठिकाणच्या माणसांनी एकाच चंद्राकडे तितक्याच चिकाटीने पाहिलं.

रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय की गॉल लोकांचा महिना, वर्ष आणि तीस वर्षांचं युग चंद्राच्या सहाव्या दिवशी सुरू होतं. ओकावरचं बांडगूळ सोन्याच्या कोयत्याने कापायचा प्रसिद्ध विधीही षष्ठीचाच. कोलिन्यीचा महिनाही षष्ठीला सुरू होत होता का यावर अजून वाद आहेत. सीझर म्हणतो की ते काळ दिवसांनी नाही, रात्रींनी मोजत.

निळाई

ज्येष्ठा, हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका, खरंच.

वकिलीण

ज्येष्ठांनी आकाशाचं साम्य दाखवलं, मी न्यायाचं दाखवते. जुन्या आयरिश कायद्याचे ग्रंथ सातव्या-आठव्या शतकात लिहिले गेले, ख्रिस्ती काळात, पण त्यातल्या बऱ्याच रीती त्याहून जुन्या मानल्या जातात. त्यात एक तरतूद आहे. सामान्य माणसाकडून येणं असेल तर आधी सूचना द्यायची आणि मग त्याची गुरं ओढून न्यायची. पण ऋणको राजा, सरदार किंवा मोठा कवी असेल तर थेट गुरांना हात लावता येत नाही. मग धनकोने त्याच्या दारात जाऊन उपास करायचा. आतल्याने तारण द्यायचं किंवा जामीन उभा करायचा. दाराशी माणूस उपाशी बसलेला असताना जो आत जेवला, त्याला मूळ देण्याच्या दुप्पट भरावं लागे. उलट, योग्य तारण देऊ केल्यावरही जो उपास सोडत नाही त्याचा हक्क बुडतो. म्हणजे उपासालाही नियम होते, हटवादीपणाला जागा नव्हती.

हे वाचताना आपल्याला धरणं आठवणारच. मराठी फौजांत थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरत. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत धरण्याची वर्णनं आहेत. इंग्रजांना ही रीत इतकी खटकली की १८६० च्या दंड संहितेत कलम ५०८ खाली, दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचं उदाहरण म्हणून, दारात धरणं धरून बसणारा माणूसच दिला होता. हेन्री मेन हा कायदेपंडित १८६० च्या दशकात कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा-सदस्य होता. त्याने १८७५ मध्ये आयरिश उपास आणि आपलं धरणं यांची तुलना जाहीरपणे मांडली.

आणि एक नाव अजून, जे आपल्या वकिलांनाही क्वचित माहीत असतं: व्हिटली स्टोक्स. डब्लिनचा माणूस, जुन्या आयरिशच्या मोजक्या मोठ्या पंडितांपैकी एक. १८६२ ते १८८२ भारतात होता, शेवटची पाच वर्षं तोही कायदा-सदस्य. १८८२ च्या आसपासचे आपले कितीतरी कायदे त्याच्या हाताखालून गेले. आणि त्याच काळात तो कलकत्ता आणि सिमल्याहून मध्ययुगीन आयरिश संहिता संपादून छापत होता. केल्टिक विद्येतला एक कप्पा अक्षरशः भारतातल्या छापखान्यांत तयार झाला आहे. पाणंदताई म्हणतात तसं मधल्या कड्या शोधायच्या असतील तर ही एक कडी पक्की आहे, दिनांकासकट.

पाणंद

वकिलीणताई, स्टोक्सचं भारतातलं काम मला ठाऊकच नव्हतं. मनापासून आभार.

लिफीकाठी

मी गेली बरीच वर्षं डब्लिनला आहे, म्हणून इथल्या वस्तूंबद्दल थोडं. किल्डेर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रवेश मोफत आहे, आणि तिथलं पीटमध्ये मिळालेल्या माणसांचं दालन बघितल्याशिवाय आयर्लंडहून परत जाऊ नका. पीट म्हणजे दलदलीत साचलेला काळा कुजका थर. त्यात हवा नाही, आम्ल आहे, त्यामुळे कातडी कमावल्यासारखी टिकते. ओल्ड क्रोघन इथला माणूस २००३ मध्ये मिळाला. डोकं नाही, पोटाखालचा भाग नाही, पण हात आहेत, आणि हातांची नखं नीट कापलेली, राबणाऱ्याची नव्हेत. बोटांवरच्या रेषा दिसतात. काचेपासून वीतभर अंतरावर उभं राहून मी त्या रेषा पाहिल्या आणि मला बराच वेळ तिथून हलता आलं नाही.

त्याच वर्षी मिळालेल्या क्लोनिकॅव्हनच्या माणसाचे केस वर उभे करून बसवलेले आहेत, आणि त्यात लावलेली राळ फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडची किंवा उत्तर स्पेनमधली आहे. इ.स.पू. चौथ्या ते दुसऱ्या शतकात मध्य आयर्लंडमधल्या एका माणसाच्या केसांना परदेशी राळ. दोघांना हाल करून मारलेलं आहे, दोघांची स्तनाग्रं कापलेली आहेत. संग्रहालयाच्या अभ्यासकांनी मांडलेलं स्पष्टीकरण असं की हे राजे किंवा राजपदाचे दावेदार असावेत, पीक बुडालं की जबाबदारी राजाची; आणि अशी प्रेतं जुन्या राज्यांच्या सीमांवर ठेवलेली दिसतात. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मला स्वतःला सीमांचा मुद्दा भक्कम वाटतो, स्तनाग्रांवरून राजपदापर्यंत जाणं मात्र थोडं लांबचं.

साउइन या आयरिश सणाबद्दल बरेच जण विचारतात म्हणून: ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होणारा हा सण मध्ययुगीन आयरिश कथांत सतत येतो, त्या रात्री टेकड्यांची दारं उघडतात. आणि न्यूग्रेंज, जिथे मकरसंक्रमणाच्या नव्हे तर २१ डिसेंबरच्या आसपासच्या पहाटे सूर्याचा किरण आत शिरतो, ते इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे केल्टांच्या फार आधीचं. पण नंतरच्या लोकांनी ते आपलंसं केलं. कथांत ते दाग्दा आणि त्याचा मुलगा एंगस यांचं घर आहे, आणि रोमन काळात कोणीतरी तिथे दाराशी सोन्याची नाणी आणि दागिने वाहून गेलं आहे.

अश्मक

एक मूलभूत शंका. आजचे आयरिश, वेल्श, स्कॉट स्वतःला केल्ट म्हणवतात. पण ग्रीक-रोमन लेखकांनी ब्रिटन किंवा आयर्लंडच्या लोकांना कधी केल्ट म्हटलं आहे का? नसेल तर हा सगळा आधुनिक काळातला अभिमान नाही का? डीएनए काय सांगतो?

पाणंद

नाही म्हटलेलं. त्यांच्या दृष्टीने केल्ट खंडातले. बेटांवरच्या भाषा आणि गॉलिश यांचं नातं सोळाव्या शतकात जॉर्ज ब्युकॅननने ओळखलं आणि १७०७ मध्ये एडवर्ड लॉइडने शब्दांच्या तक्त्यांनिशी मांडलं. तेव्हापासून आयरिश आणि वेल्श लोक हे नाव स्वतःला लावतात. तेव्हा नाव उशिरा आलं हे खरं, पण भाषांचं नातं कल्पनेतलं नाही. मला 'केल्ट' हा शब्द भाषाकुळासाठी वापरायला काही अडचण वाटत नाही. वंशासाठी वापरला की गडबड सुरू होते.

डीएनएनेही तेच दिसतं. २०१५ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत 'केल्टिक' म्हणून एकसंध गट निघालाच नाही. कॉर्नवॉलचे लोक वेल्सपेक्षा शेजारच्या इंग्लंडच्या लोकांना जवळचे. २०२१ च्या अखेरीस ७९३ प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात इ.स.पू. १००० ते ८७५ या काळात खंडातून, बहुधा फ्रान्सकडून, दक्षिण ब्रिटनमध्ये मोठं स्थलांतर दिसलं. केल्टिक भाषा तेव्हा आल्या असाव्यात असं काही जण म्हणतात. हाडं भाषा सांगत नाहीत, त्यामुळे ही शक्यता झाली, पुरावा नव्हे.

पण जनुकांनी दुसरी एक गोष्ट दिली आहे ती मला फार मोलाची वाटते. २०२४ मध्ये होखडॉर्फच्या त्या गळवाल्या माणसाची आणि दहा किलोमीटरवरच्या आस्पेर्ग इथल्या दुसऱ्या श्रीमंत कबरीतल्या माणसाची जनुकं जुळवली. बहुधा मामा-भाचे! म्हणजे सत्ता आईकडून, बहिणीच्या मुलाकडे जात असावी. आणि २०२५ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या लोहयुगीन दफनभूमीचा निकाल आला: तिथले बहुतेक लोक एकाच आजीच्या वंशातले, बाहेरून आलेले ते पुरुष. लग्नानंतर नवरे बायकोच्या गावी राहायला येत होते. ब्रिटनमधली राणी बूडिका रोमनांविरुद्ध फौज घेऊन निघाली, कॉल्चेस्टर, लंडन, सेंट ऑल्बन्स जाळली, तेव्हा रोमन लेखकांना बाई सेनापती असल्याचा धक्का बसला होता. डॉर्सेटच्या शेजाऱ्यांना बसला नसता.

गोदातीर

धागा उत्तम, पण पाणंदताई, तुमचा वाचायचा क्रम मला मान्य नाही. कथा शेवटी का ठेवायच्या? आयरिश महाकथा आहे 'ताइन बो कूलन्ये'. राणी मेव आणि तिचा नवरा आलिल अंथरुणात पडल्या पडल्या कोणाची संपत्ती जास्त याची बरोबरी करतात. सगळं समसमान निघतं, एक पांढरा बैल नवऱ्याकडे जास्त. तेवढ्यासाठी मेव अल्स्टरच्या तपकिरी बैलावर फौज घेऊन जाते. अल्स्टरचे सगळे पुरुष शापाने वेणा येऊन आडवे झालेले, आणि सतरा वर्षांचा कू खुलिन एकटा ओढ्याच्या उतारावर फौज अडवतो. त्याला आपल्याच गुरुबंधूशी, फर्दियाशी, दिवसांमागून दिवस लढावं लागतं. रोज संध्याकाळी दोघं एकमेकांना औषध आणि जेवण पाठवतात.

विराटपर्वात कौरव गाई पळवतात तेव्हाही असाच एकटा अर्जुन उभा राहतो. आपल्याकडे गावोगावचे वीरगळ पाहा. गुरं सोडवताना पडलेल्या वीराचा दगड, खालच्या चौकटीत गाई, मधे लढाई, वर अप्सरा. गुरं हेच धन असलेल्या समाजाचं मन कळायला कबरीतल्या कढईपेक्षा ही कथा जास्त उपयोगी आहे.

पाणंद

गोदातीर, समाजाचं मन म्हणाल तर मान्य. वीरगळांची आठवणही नेमकी. पण कोणत्या शतकातल्या समाजाचं, तिथे मी अडते. या कथेच्या सर्वात जुन्या उपलब्ध प्रती अकराव्या-बाराव्या शतकातल्या, मठात लिहिलेल्या. कथेतले वीर रथातून लढतात. यॉर्कशरमध्ये रथासकट पुरलेली माणसं सापडली आहेत, आयर्लंडमध्ये अशी एकही कबर नाही. म्हणजे काही जुनं आहे, काही लिहिणाऱ्याच्या काळचं, काही रोमन-ग्रीक महाकाव्यं वाचलेल्या भिक्षूचं.

आणि लिहिणाऱ्यांना स्वतःलाही हे ठाऊक होतं. बाराव्या शतकातल्या लेन्स्टरच्या पोथीत कथा संपल्यावर दोन नोंदी आहेत. पहिली आयरिशमध्ये: जो ही कथा जशीच्या तशी, काहीही न घालता पाठ करील त्याचं कल्याण असो. लगेच खाली लॅटिनमध्ये: हा इतिहास, खरं तर ही दंतकथा, मी लिहिली, पण यातल्या पुष्कळ गोष्टींवर माझा विश्वास नाही, काही सैतानाच्या फसवणुकी आहेत, काही कवींच्या कल्पना, काही खऱ्या वाटतात, काही नाहीत, काही मूर्खांच्या रंजनासाठी आहेत. आयरिश बोलताना तो परंपरेचा वारस आहे, लॅटिन लिहिताना चर्चचा माणूस. मला दोन्ही आवाज खरे वाटतात. पहिला नसता तर कथा आपल्यापर्यंत आली नसती. दुसरा असल्यामुळेच ती सावधपणे वाचावी लागते.

गोदातीर

ही नोंद माहीत नव्हती. क्रमाबद्दलचा माझा आग्रह मात्र कायम आहे: मी कथेपासून सुरू करून वस्तूंकडे जाईन. लिफीकाठी, कथेतली ठिकाणं आज बघता येतात का?

लिफीकाठी

येतात. कूली द्वीपकल्प लाउथ परगण्यात आहे, डब्लिनहून डंडॉकपर्यंत ट्रेनने तासाभराचा रस्ता. जखमी कू खुलिनने उभ्याने मरता यावं म्हणून स्वतःला ज्या दगडाला बांधून घेतलं असं सांगतात, तो क्लोहाफारमोर डंडॉकजवळ नॉकब्रिज गावाबाहेर शेतात उभा आहे, दोन पुरुष उंचीचा. दगड कथेच्या कितीतरी आधीचा, बहुधा कांस्ययुगातला. तिकीट वगैरे काही नाही. शेत नांगरलेलं असलं तर कडेकडेने जा आणि पावसाळी बूट घाला.